घोडा का अडला? एका न दिसणाऱ्या दुखण्याचा इतिहास

१/
मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या विचारले जाणारे एक कोडे आहे. भाकरी का करपली? पाने का सडली? घोडा का अडला? तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकच : न फिरवल्यामुळे. कोडे सुरेख आहे; परंतु घोड्याच्या बाबतीत त्या उत्तरात धन्यावरचा एक आरोप दडलेला आहे. घोडा अडला, म्हणजे धन्याने हयगय केली. इतिहासात मात्र असे असंख्य घोडे होऊन गेले, जे रोज फिरवले जात, ज्यांना वेळेवर दाणापाणी मिळे, आणि तरीही एके दिवशी ते लंगडू लागत. पायावर जखम नाही, सूज नाही, हाड मोडलेले नाही. मग घोडा अडला का?

२/
या प्रश्नाचे उत्तर हाती येण्यास कित्येक शतके जावी लागली, आणि ते आजही पूर्ण झालेले नाही. त्या शोधाच्या वाटेवर सभासदाच्या बखरीतला नालबंद भेटतो, फ्रान्समधील पहिली पशुवैद्यकशाळा भेटते, लंडनहून बिहारमध्ये आलेला एक विलक्षण इंग्रज पशुवैद्य भेटतो. आणि प्रत्येक टप्प्यावर आपल्या मुक्या जनावराकडे हताशपणे पाहत उभा असलेला घोड्याचा धनी भेटतो. ही त्या दोघांची, घोड्याची आणि धन्याची, हकीकत.

३/
प्रथम धन्याचे काय पणाला लागलेले असे, ते पाहिले पाहिजे. मराठ्यांच्या घोडदळात स्वारांचे दोन मुख्य प्रकार होते. ज्याला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे, तो बारगीर. जो स्वतःचा घोडा व स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीस येई, तो शिलेदार. बारगिराचा घोडा लंगडला तर नुकसान पागेचे होई. शिलेदाराचा घोडा लंगडला तर त्याची उपजीविका, त्याची पत आणि रणातील त्याचा जीव ही सारी एकाच वेळी संकटात येत. त्याच्या संसाराचा निम्मा भार त्या चार खुरांवर उभा असे.

४/
या धोक्याची जाण राज्यकर्त्यांना होती. छत्रपती शिवाजी महाराजांच्या पागेची रचना सांगताना सभासद पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असल्याचे नोंदवतो. त्याच ठिकाणी, दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे, असेही तो सांगतो. पखालजी पाणी पुरवणारा, नालबंद खुरांची काळजी घेणारा. घोडदळाच्या सर्वांत लहान तुकडीलाही स्वतःचा खूर पाहणारा माणूस हवा, हा विचार त्या रचनेत स्पष्ट दिसतो. पाण्याच्या बरोबरीने खुराला स्थान देणारी ही व्यवस्था अनुभवातून आलेली होती.

५/
नालबंद पुष्कळ दुखणी ओळखू शके. नालेचा खिळा जरा आत गेला की घोडा त्याच दिवशी पाय उचलून धरतो. खुरात खडा रुतून आत पू धरला तर खूर गरम लागतो, त्यावर ठोकताच घोडा पाय झटकतो. तेथे खूर कोरून पू वाहता केला की तीनही पायांवर धड उभा न राहणारा घोडा थोड्याच दिवसांत चालू लागतो. अशा वेळी कारण सापडते, इलाज सापडतो आणि धन्याचा जीव भांड्यात पडतो.

६/
नालबंदाच्या पलीकडे सालोत्री असे. हा शब्द आला शालिहोत्र या नावावरून. शालिहोत्र हा भारतीय परंपरेतील अश्वविद्येचा आद्य आचार्य मानला जातो. नकुलाच्या नावावर असलेला ग्रंथ आणि जयदत्ताचा ‘अश्ववैद्यक’ हे याच परंपरेतले. घोड्याची लक्षणे, वय ओळखण्याच्या खुणा, आहार, रोग आणि उपचार यांची मांडणी या ग्रंथांत आढळते. पुढे ही विद्या फारसीतही गेली. इंग्रजी अमदानीतसुद्धा फौजेतील देशी घोडेवैद्याला सालोत्रीच म्हणत. एका प्राचीन ऋषीचे नाव अशा रीतीने हजारो वर्षे तबेल्यात टिकून राहिले.

७/
परंतु एक दुखणे असे होते, की ज्यापुढे नालबंद आणि सालोत्री, पूर्वेचे आणि पश्चिमेचे, सारेच थांबत. त्याची सुरुवात कुणाच्या लक्षातही येत नसे. चांगला कामाचा, ऐन उमेदीतला घोडा पुढच्या पायांनी आखूड टाकू लागे. कधी ठेच खाई. उतारावर बिचके. वळताना अडखळे. उभा असताना एक पाय जरा पुढे टाकून ठेवी, थोड्या वेळाने दुसरा. विश्रांती दिली की बरा वाटे. कामाला जुंपला की पुन्हा तेच. खूर पाहावा तर स्वच्छ आणि थंड. सांधे पाहावेत तर सुजेचा मागमूस नाही.

८/
त्यातही एक चकवा होता. एक पाय दुखत असला, की घोडा त्या पायावर भार येताना मान वर झटकतो आणि दुखणे कुठे ते कळते. हे दुखणे बहुधा पुढच्या दोन्ही पायांत असे. दोन्हीकडे सारखेच दुखत असेल तर घोडा मान कोणत्या बाजूला झटकणार? तो फक्त सावध चाले. धन्याला तो आळशी वाटे, स्वाराला हट्टी वाटे. चाबूक बसे. आपला घोडा वेदनेने अडखळतो आहे, की मस्तीने अडला आहे, हेच धन्याला ठरवता येत नसे. या दुखण्यातील सर्वांत क्रूर भाग कदाचित हाच होता.

९/
युरोपातील जुन्या घोडेवैद्यांनी दोष खांद्याला दिला. हा तर्क अगदीच वेडगळ नव्हता. पाऊल आखूड पडते, म्हणजे खांदा जखडला असणार, असे डोळ्यांना वाटतेच. शिवाय असा घोडा बरेच महिने लंगडला, की त्याच्या खांद्याचे आणि छातीचे स्नायू खरोखरच झिजलेले दिसत. म्हणून या रोगाला छाती बसल्याचा रोग असेही नाव पडले. वास्तविक दुखऱ्या खुरावर भार टाकणे घोडा टाळी, आणि वापर कमी झाल्याने वरचे स्नायू वाळत. परिणाम डोळ्यांसमोर होता. कारण खुराच्या आत लपलेले होते. वैद्यांनी परिणामालाच कारण मानले.

१०/
मग त्या निर्दोष खांद्यावर उपचार सुरू होत. तापलेल्या लोखंडाने डाग देणे. फोड आणणारी तीव्र औषधे चोळणे. कातडीखालून दोरा किंवा चामड्याची चकती सरकवून जखम मुद्दाम वाहती ठेवणे. कातडीला छेद देऊन नळीने आत हवा फुंकणे. यांहून भयंकर एक प्रकार होता. त्यात घोड्याचा चांगला पाय वर बांधून त्याला दुखऱ्या पायावर उड्या मारत चालायला लावत. मोकळा खांदा घामाने गरम झाला की बरा होईल, ही कल्पना. खुराच्या आत ठणकणाऱ्या घोड्याचे त्या वेळी काय होत असेल, ते सांगण्याची गरज नाही.

११/
हे उपचार शतकानुशतके टिकले कसे? उत्तर साधे आहे. डाग दिल्यावर घोड्याला काही आठवडे सक्तीची विश्रांती मिळे. विश्रांतीने हे दुखणे तात्पुरते उतरतेच. घोडा जरा बरा चालू लागे, आणि श्रेय डागाला जाई. कामावर परतताच तो पुन्हा लंगडला, की वैद्य म्हणे, धन्याने घाई केली. इलाज नेहमी बरोबर ठरे आणि धनी नेहमी चुकलेला. पैसा धन्याचा जाई, वेदना घोड्याला होई आणि अज्ञान वैद्याचे सुरक्षित राही.

१२/
हे चक्र तोडण्यासाठी एकच मार्ग होता : मेलेल्या घोड्याचा पाय उघडून पाहणे. त्यासाठी संस्था हव्या होत्या. गुरांच्या साथींनी हैराण झालेल्या फ्रान्समध्ये १७६१ साली राजाज्ञा निघाली आणि पुढच्या वर्षी लिओं येथे क्लोद बुर्जला याच्या देखरेखीखाली जगातील पहिली आधुनिक पशुवैद्यकशाळा सुरू झाली. बुर्जला मूळचा अश्वविद्येतला. घोड्याच्या शरीररचनेचा पद्धतशीर अभ्यास त्याने शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणला. आजवर बापाकडून मुलाकडे जाणारी विद्या आता वर्गात आणि विच्छेदनगृहात शिकवली जाऊ लागली.

१३/
इंग्लंडला हे लोण लवकरच पोहोचले. १७८९ साली इक्लिप्स हा अजिंक्य शर्यतीचा घोडा मेला. त्याच्या शरीराचे विच्छेदन आणि मोजमाप शार्ल व्हिआल द सेंबेल या फ्रेंच पशुवैद्याने केले. घोड्याचा वेग त्याच्या हाडांच्या मापांतून समजून घेण्याचा तो प्रयत्न होता. १७९१ साली लंडनला पशुवैद्यक महाविद्यालय स्थापन झाले आणि सेंबेल त्याचा पहिला प्राध्यापक झाला. दोनच वर्षांत तो वारला. त्याच्या जागी एडवर्ड कोलमन याच्या जोडीने ज्याची नेमणूक झाली, त्याचे नाव विल्यम मूरक्रॉफ्ट.

१४/
मूरक्रॉफ्ट लँकेशायरचा. लिव्हरपूल येथे तो माणसांची शस्त्रक्रिया शिकत होता. त्या भागात गुरांची साथ आली आणि तिची पाहणी करताना त्याच्या लक्षात आले, की जनावरांच्या रोगांविषयी कुणालाच नीट काही ठाऊक नाही. सन्मानाचा मानला जाणारा व्यवसाय सोडून, राज्यक्रांतीने पेटलेल्या फ्रान्समध्ये, लिओंच्या शाळेत तो दाखल झाला. तेथे शिकून आलेला तो पहिला इंग्रज. लंडनच्या महाविद्यालयातील पद त्याने लगेच सोडले आणि ऑक्सफर्ड स्ट्रीटवर घोड्यांचा दवाखाना चालवला. श्रीमंतांचे घोडे तेथे येत. त्यांत कारण न सापडलेले लंगडे घोडेही असत.

१५/
आता खुराच्या आत पाहू. बाहेरून खूर हा शिंगासारखा टणक डबा दिसतो. आत पायाचे शेवटचे हाड असते, आणि त्याच्या मागे, आडवे, सुमारे दोन इंचांचे एक चिमुकले हाड असते. आकार होडीसारखा, म्हणून लॅटिनमधील होडीवाचक शब्दावरून त्याला नाविक्युलर हे नाव मिळाले. पाय मागून वाकवणारा जाड स्नायुबंध या होडीच्या खालून, कप्पीवरून दोर जावा तसा, वळून जातो. दोघांच्या मध्ये वंगण भरलेली एक पातळ पिशवी असते. धावता घोडा पुढचा पाय टेकवतो, तेव्हा त्याच्या वजनाचा केवढा तरी भाग क्षणभर या जागी एकवटतो.

१६/
दोष खुरातल्या सांध्यात असू शकतो, हे जेरेमाया ब्रिजेस या इंग्रजाने १७५२ सालीच सुचवले होते. पुढे विच्छेदनाची सवय रुळली आणि वर्षानुवर्षे लंगडलेल्या घोड्यांचे खूर उभे चिरून पाहिले जाऊ लागले. १८१६ च्या सुमारास जेम्स टर्नर याने या दुखण्याचा संबंध नेमका त्या होडीसारख्या हाडाशी जोडला. गुळगुळीत असायला हवा तो पृष्ठभाग खडबडीत, खाचा पडलेला आणि त्यावरून जाणारा स्नायुबंध घासलेला, कधी हाडाला चिकटलेला. खांदा मात्र निर्मळ. इतकी शतके ज्या खांद्यावर डाग दिले, त्याचा अपराध काहीच नव्हता.

१७/
निदान सापडले, पण इलाज? तेथपर्यंत हात पोहोचत नाही, झिजलेले हाड पूर्ववत होत नाही. तेव्हा एक धाडसी कल्पना पुढे आली. दुखणे जात नसेल, तर दुखण्याची वार्ता नेणारा तंतूच कापावा. पायाच्या मागच्या भागातून खुराच्या टाचेकडे उतरणारे दोन मज्जातंतू असतात. त्यांचा तुकडा काढून टाकण्याची शस्त्रक्रिया मूरक्रॉफ्टने केली. त्याविषयीचे त्याचे लिखाण १८१९ सालचे, भारतातून केलेले. त्याच सुमारास लंडनच्या महाविद्यालयातील विल्यम सीवेल यानेही हीच शस्त्रक्रिया प्रचारात आणली.

१८/
परिणाम थक्क करणारा होता. महिनोन्‌महिने पाय जपून टाकणारा घोडा उठून सरळ दुडक्या चालीने निघे. धन्याला तो चमत्कार वाटला असल्यास नवल नाही. परंतु हाड झिजतच होते. आता घोड्याला ते कळत नव्हते, एवढाच फरक. बधिर पायात खिळा घुसला, पू झाला, तरी घोडा आपटत धावतच राही. काहींचा स्नायुबंध तुटे. काहींचे खूर सुटून येई. जी वेदना घोड्याला छळत होती, तीच त्याच्या पायाची राखणही करत होती, हे वैद्यांना तेव्हा उमगले.

१९/
बाजारात या शस्त्रक्रियेचा भलताच उपयोग झाला. तंतू कापलेला घोडा धडधाकट म्हणून विकला जाऊ लागला. घेणाऱ्याला पायावरचा लहानसा व्रण दिसला नाही, की तो फसला. प्रकरणे न्यायालयात गेली. १८२५ साली इंग्लंडमधील एका खटल्यात, असा घोडा चालताना लंगडत नसला तरी तो निकोप मानता येणार नाही, असा निर्णय लागला. वेदना नसणे आणि रोग नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या निकालाने कायद्याच्या भाषेत मान्य केले.

२०/
मूरक्रॉफ्ट तोवर लंडनपासून फार दूर गेला होता. यंत्राने घोड्याच्या नाला घडवण्याच्या उद्योगात त्याने मोठी रक्कम गमावली होती. १८०८ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या बिहारमधील पुसा येथील अश्वपैदास केंद्राचा अधीक्षक म्हणून तो भारतात आला. कंपनीच्या घोडदळाला उंच, बळकट घोडे हवे होते आणि केंद्राची अवस्था वाईट होती. त्याने तेथे ओट्सची लागवड सुरू केली, निगा सुधारली, रोगराई आटोक्यात आणली. पुढे १९०५ साली याच पुशाला कृषी संशोधन संस्था आली. १९३४ च्या भूकंपानंतर ती दिल्लीला हलली आणि दिल्लीतल्या परिसरालाही पुसा हेच नाव मिळाले.

२१/
चांगल्या घोड्यांच्या शोधाने त्याला झपाटले. १८१२ साली गोसाव्याच्या वेषात तो हिमालय ओलांडून मानसरोवरापर्यंत गेला. १८१९ साली निघालेल्या अखेरच्या प्रवासात लाहोर, लडाख, काश्मीर, काबूल असे करत १८२५ च्या आरंभी तो बुखाऱ्यास पोहोचला. हवे तसे घोडे तेथेही मिळाले नाहीत. परतीच्या वाटेवर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, आजच्या उत्तर अफगाणिस्तानातील अंदखुई येथे, तापाने त्याचा मृत्यू झाला. घोड्याच्या पायातील दोन इंचांच्या हाडापासून मध्य आशियाच्या वाळवंटापर्यंतचे हे आयुष्य घोड्याभोवतीच फिरत राहिले.

२२/
शिलेदाराचे पुढे काय झाले? मराठेशाही संपली, तरी त्याची पद्धत संपली नाही. इंग्रजांनी आपल्या हिंदी घोडदळाच्या मोठ्या भागासाठी तीच उचलली आणि ‘सिलदार’ हा शब्दही घेतला. १८१७ च्या पुणे तहातून उभ्या राहिलेल्या पूना हॉर्ससारख्या पलटणी याच पद्धतीवर चालत. स्वार भरती होताना घोड्याच्या किमतीपोटी रक्कम भरी. येथेच एक लक्षणीय व्यवस्था विकसित झाली : चंदा. प्रत्येक स्वाराच्या पगारातून दरमहा थोडी रक्कम कापून एक निधी उभारला जाई आणि कुणाचा घोडा मेला किंवा निकामी ठरला, तर नव्या घोड्यासाठी त्यातून मदत मिळे.

२३/
घोड्याला बरे करणारे औषध त्या निधीत नव्हते. परंतु न समजणाऱ्या दुखण्याचा फटका एकट्या धन्याने सोसू नये, तो साऱ्या पलटणीने वाटून घ्यावा, हे तत्त्व त्यात होते. घोडा लंगडला की शिलेदार देशोधडीला लागे. चंद्यामुळे तो पुन्हा उभा राहू शके. पहिल्या महायुद्धानंतर ही पद्धत मोडीत निघाली. लष्करी इतिहासात तिची चर्चा खर्चाच्या आणि शिस्तीच्या अंगाने होते. घोडा गमावलेल्या माणसाला आधार देणारी व्यवस्था म्हणूनही तिच्याकडे पाहायला हरकत नाही.

२४/
दरम्यान विद्या महाराष्ट्रातही पोहोचली. १८६२ साली पुण्यात लष्करी पशुवैद्यकशाळा सुरू झाली. १८८६ साली मुंबईत परळ येथे पशुवैद्यक महाविद्यालय निघाले. सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या औदार्यातून उभे राहिलेले बाई साकरबाई जनावरांचे रुग्णालय त्याला जोडीला होते. ट्रामचे घोडे, व्हिक्टोरियाचे घोडे, गोदीतले बैल अशा कष्टकरी जनावरांच्या या शहरात, लंगड्या जनावराला घेऊन जावे असे एक ठिकाण निर्माण झाले.

२५/
दुखते कुठे, हे घोड्यालाच विचारण्याची युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सापडली. १८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर याने कोकेनने डोळा बधिर करून दाखवला. थोड्याच वर्षांत पशुवैद्यांनी तेच तंत्र घोड्याच्या पायावर आणले. टाचेकडे जाणारा तंतू सुईने तात्पुरता बधिर करायचा आणि घोडा चालवून पाहायचा. लंगडणे थांबले, तर दुखणे तेथेच. आणि दोन्ही पायांचा तो जुना चकवा? एक पाय बधिर करताच घोडा दुसऱ्या पायाने उघड लंगडू लागतो. मूरक्रॉफ्टने जे कायमचे कापले, ते आता तासाभरापुरते झोपवता येऊ लागले. उपचाराचे हत्यार निदानाचे साधन झाले.

२६/
१८९५ च्या अखेरीस राँटगेनने क्ष-किरण शोधले आणि जिवंत घोड्याच्या खुरातील ते हाड प्रथमच पाहता आले. आता कोडे सुटले, असे वाटणे स्वाभाविक होते. पण छायाचित्रांनी नवा पेच टाकला. हाडावर खाचा दिसूनही काही घोडे मजेत धावत. हाड स्वच्छ दिसूनही काही वेदनेने अडखळत. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला उभ्या घोड्याच्या पायाचे एमआरआय चित्रण शक्य झाले, तेव्हा उलगडा झाला. अनेकदा मूळ दोष हाडात नसून त्याखालून जाणाऱ्या स्नायुबंधात किंवा आसपासच्या बंधांत असतो, आणि तो क्ष-किरणांना दिसत नाही. एका नावाखाली अनेक दुखणी लपली होती.

२७/
घोड्याच्या स्वभावावर घेतलेला संशयही आता तपासला जात आहे. २०१४ साली घोड्याच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची एक मोजपट्टी प्रसिद्ध झाली. मागे ताठ वळलेले कान, डोळ्याभोवतीचा ताण, आवळलेले तोंड, ताणलेल्या नाकपुड्या अशा खुणांना त्यात गुण दिले जातात. जो घोडा हट्टी, आळशी किंवा खोडकर म्हणून मार खाई, तो पुष्कळदा दुखण्याने अडलेला असतो, हे यातून ठळक झाले. या खुणा काही नव्या नाहीत. रोज खरारा करणाऱ्या मोतद्दाराच्या नजरेला त्या पूर्वीही दिसत असणार. त्यांना पुरावा मानणारे कुणी नव्हते.

२८/
या साऱ्या इतिहासात प्रगती झाली ती दोन ठिकाणी. एक विच्छेदनाच्या टेबलावर, जिथे वैद्यांनी डोळ्यांना पटणाऱ्या तर्कापेक्षा चिरलेल्या खुरावर विश्वास ठेवला. दुसरी धन्याच्या साक्षीत. घोडा कधीपासून आखूड टाकतो, उतारावर जास्त की चढावर, कठीण जमिनीवर जास्त की मऊ मातीत, नाल बदलल्यावर काय फरक पडला, विश्रांतीनंतर किती दिवस बरा राहिला, या गोष्टी ठाऊक असणारा धन्यावाचून दुसरा कुणी नसतो. आजही निदानाची सुरुवात याच प्रश्नांनी होते. त्यानंतर सुई, क्ष-किरण आणि चित्रण यांची पाळी येते.

२९/
आजही काही घोडे असे निघतात, की सर्व तपासण्या होऊन कारण हाती लागत नाही. जुन्या काळातील वैद्य अशा वेळी खांद्याला डाग देई आणि धन्याला दोष देई, कारण ‘ठाऊक नाही’ म्हणण्याची त्याची तयारी नसे. आजचा चांगला पशुवैद्य ते म्हणू शकतो. वेदना कमी करणारे औषध देतो, खुराची ठेवण आणि नाल बदलून टाचेवरचा ताण हलका करतो, काही आठवड्यांनी पुन्हा पाहतो. कधी घोडा हलक्या कामापुरता बरा होतो, कधी कामातून सुटतो. कारण सापडो न सापडो, दुखते आहे हे मान्य करूनच तो पुढची पावले टाकतो.

३०/
कोड्यातील घोडा न फिरवल्यामुळे अडला असेल. इतिहासातील पुष्कळसे घोडे मात्र खुराच्या आतल्या, दोन इंचांच्या जागेतील वेदनेमुळे अडले होते, आणि त्यांच्या धन्यांनी कसलीही हयगय केलेली नव्हती. जुन्या कागदपत्रांत, फौजेच्या हिशेबांत ‘घोडा निकामी’ एवढीच नोंद भेटली, तर त्या दोन शब्दांपाशी जरा थांबावे. त्यामागे महिनोन्‌महिने पाय जपून टाकणारे एक जनावर असते, आणि रोज सकाळी त्याचा खूर हातात घेऊन काहीच न सापडलेला एक माणूस असतो.